साध्या मायक्रोस्कोपचा स्लाइड-स्कॅनर करताना

संपूर्ण स्लाइड टिपून तिची डिजिटल प्रतिमा तयार करणारे स्कॅनर इतके महाग का असतात, या प्रश्नाचे उत्तर मला असा एक स्कॅनर स्वतः उभा करता करता मिळत गेले. वेट्झेल आणि गिल्बर्टसन यांनी १९९९ मध्ये अशी वेगवान स्वयंचलित यंत्रणा तयार केली आणि एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्राथमिक निदानासाठी फिलिप्सच्या प्रणालीला पहिली परवानगी दिली. मधल्या काळात ही यंत्रे शेकडो स्लाइड एका वेळी पोटात घेऊ लागली आणि एकेक स्लाइड काही मिनिटांत उरकू लागली. मोठ्या रुग्णालयाला या गतीची गरज असते. परंतु ज्या प्रयोगशाळेला दिवसाकाठी मोजक्याच स्लाइड दुसऱ्या मतासाठी बाहेर दाखवायच्या असतात, ती असे यंत्र घेते तेव्हा बहुतांशी न लागणारी गतीच विकत घेत असते. आमच्या गटातील पॅथॉलॉजिस्ट मॅडमची अडचण नेमकी हीच होती. म्हणून टेबलावर आधीपासून असलेल्या ट्रायनॉक्युलर (कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेल्या) मायक्रोस्कोपलाच मोटारी आणि कॅमेरा बसवायचा, आणि वेळ लागला तर लागू द्यायचा, असे आम्ही ठरवले.

सगळे यंत्र नव्याने छापून काढण्याचा पर्यायही समोर होता. रिचर्ड बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला ओपनफ्लेक्शर मायक्रोस्कोप थ्रीडी प्रिंटरवर तयार होतो, त्याचे आराखडे सर्वांना खुले आहेत आणि टांझानियात मलेरियाच्या तपासणीच्या दृष्टीने त्यावर बरेच काम झाले आहे. त्याचे स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची बैठक, घसरत नाही, तर प्लास्टिकच्या पातळ बिजागऱ्या वाकवून सरकते. त्यामुळे घासणाऱ्या भागांची ढिलाई त्यात जवळजवळ राहतच नाही, ही कल्पना मला आजही फार देखणी वाटते. मात्र त्याची आडवी हालचाल साधारण १२ मिलीमीटरपर्यंत मर्यादित असते आणि शस्त्रक्रियेतून आलेल्या ऊतकाचा छेद (पातळ काप) स्लाइडवर त्याहून सहज मोठा असू शकतो. रक्ताच्या थेंबाला पुरणारे अंतर बायोप्सीच्या लांब धाग्याला पुरत नाही. म्हणून आम्ही धातूच्या जुन्या सांगाड्याकडेच वळलो.

काम सुरू करण्यापूर्वी कागदावर केलेल्या हिशेबाने पुढची बहुतेक दिशा ठरली. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे स्लाइडजवळचे मुख्य भिंग आणि न्यूमरिकल अॅपर्चर म्हणजे ते किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते याचे माप. २० पट मोठे दाखवणाऱ्या, ०.४ न्यूमरिकल अॅपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या जाडीत चित्र रेखीव राहते ती, हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर सुमारे ३.४ मायक्रॉन येते. ४० पटीच्या, ०.६५ अॅपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हला ती १.३ मायक्रॉनवर उतरते. खुद्द ऊतकाचा छेद ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे वरखाली होणाऱ्या अक्षावर एका मायक्रॉनचा किंवा त्याहून कमीचा नेमकेपणा लागणार हे उघड होते. आडव्या अक्षांचे गणित अगदी निराळे निघाले. शेजारशेजारच्या चित्रांची कड एकमेकांवर दहा टक्के चढवायची ठरवली, तर ती पट्टी जवळजवळ ५० मायक्रॉन रुंद होते आणि त्या पट्टीत मोटार १५–२० मायक्रॉन इकडेतिकडे गेली तरी जुळणी करणारे सॉफ्टवेअर ते सावरून घेते. आडव्या चुकीला मागाहून माफी आहे, उभ्या चुकीला नाही. धूसर निघालेले चित्र कोणत्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. त्यामुळे हाती असलेला पैसा आणि श्रम फोकसवर, प्रकाशावर आणि ऑब्जेक्टिव्हवर खर्च करायचे आणि आडव्या अक्षांवर काटकसर करायची, हे सूत्र आम्ही धरले.

कॅमेऱ्याच्या बाबतीतही असाच हिशेब उपयोगी पडला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एचक्यू कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स४७७ हा सेन्सर असतो, त्याचे पिक्सेल १.५५ मायक्रॉनचे असतात आणि आडवे ४०५६, उभे ३०४० असे ते मांडलेले असतात. हा सेन्सर २० पटीच्या प्रतिमेखाली थेट ठेवला तर एका चित्रात जेमतेम ०.३१ बाय ०.२४ मिलीमीटर एवढाच भाग मावतो आणि १५ बाय १५ मिलीमीटरच्या छेदासाठी पावणेचार हजारांच्या आसपास चित्रे घ्यावी लागतात. शिवाय त्या बारकाईचा काही उपयोगही नसतो, कारण ०.४ अॅपर्चर ०.८४ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवूच शकत नाही, आणि इथे तर पिक्सेल ०.०८ मायक्रॉनचा पडतो. मध्ये प्रतिमा अर्धी करणारे रिड्यूसर भिंग बसवले की चित्रांची संख्या हजाराच्या आत येते. प्रत्येक चित्राला एक सेकंद धरला, तर तासाभराचे काम पाव तासावर येते. मेगापिक्सेलचे आकडे मिरवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जाहिराती वाचताना हा साधा भागाकार करून पाहिला जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. रिड्यूसरमुळे मात्र ऑब्जेक्टिव्हच्या क्षेत्राचा कडेचा भागही वापरात आला आणि साध्या अॅक्रोमॅट ऑब्जेक्टिव्हची वक्र प्रतिमा उघडी पडली. मध्यभाग रेखीव असला की कडा विरघळायच्या आणि कडा धरल्या की मध्य जायचा. कडेपर्यंत सपाट प्रतिमा देणारे प्लॅन ऑब्जेक्टिव्ह घेण्यावाचून त्याला उपाय नव्हता आणि त्या खर्चाबद्दल कुणाचे दुमत झाले नाही.

आडव्या हालचालीसाठी स्टेजच्या, एकाच अक्षावर बसवलेल्या दोन्ही गुंड्यांवर दातेरी कप्प्या चढवल्या आणि दातेरी पट्ट्याने त्या स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) मोटारींना जोडल्या. या मायक्रोस्कोपमध्ये फोकस करताना ऑब्जेक्टिव्ह जागेवर राहते आणि स्टेज वरखाली होते. त्यामुळे मोटारी तळावर पक्क्या करता येत नाहीत, त्या स्टेजलाच टांगाव्या लागतात. नेमा १७ या नेहमीच्या मापाच्या मोटारीचे वजन पाव किलोच्या घरात जाते. अशा दोन मोटारी एका बाजूला लटकल्या की स्टेज आपल्याच भाराने हळूहळू खाली उतरू लागते आणि नीट लावलेला फोकस पाहता पाहता निसटतो. त्याच मापाच्या पण पातळ अंगाच्या, हलक्या मोटारी वापरून, त्या दोन बाजूंना विभागून आणि मोठ्या फोकसच्या गुंडीमागची ताण देणारी कडी आवळून ही उतरण थांबली.

स्टेजमधल्या दातेरी पट्टीची ढिलाई मात्र गेली नाही. शेत नांगरताना तासाच्या टोकाला बैल वळवून उलट दिशेने दुसरे तास धरतात, तसा नागमोडी मार्ग वेळ वाचवतो खरा, पण उजवीकडे जाताना आणि डावीकडे परतताना दातांमधला मोकळेपणा विरुद्ध बाजूंनी भरून निघतो आणि एकाआड एक ओळी सरकलेल्या दिसतात. एका मिलीमीटरचे शंभर भाग कोरलेली मोजपट्टी स्टेजवर ठेवून ही ढिलाई मोजली, तेव्हा ती स्टेजच्या जागेनुसार आणि ग्रीसच्या घट्टपणानुसार बदलते असे दिसले. सॉफ्टवेअरमध्ये एकच ठरावीक आकडा घालून ती भरून काढता येण्यासारखी नव्हती. त्यापेक्षा प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करायची आणि परतीचा फेरा रिकामा जाऊ द्यायचा, हा निर्णय सरळ आणि भरवशाचा ठरला. वेळ वाढला, पण ओळी जुळल्या.

मोटारी चालवण्यासाठी अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर चालणारे जीआरबीएल हे मोफत फर्मवेअर घेतले, कारण कोरीवकामाच्या छोट्या यंत्रांवर ते वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार झालेले आहे. त्याचा एक स्वभाव मात्र ठाऊक असावा लागतो. आज्ञा पाठवली की ते 'ओके' म्हणते, पण त्याचा अर्थ आज्ञा रांगेत लागली एवढाच असतो, हालचाल संपली असा नसतो. त्या उत्तरावर विसंबून कॅमेरा उघडला तर धावत्या स्लाइडचे चित्र येते, म्हणून प्रश्नचिन्ह पाठवून 'आयडल' असे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. त्यानंतरही सांगाडा क्षणभर थरथरत असतो. ही थरथर किती वेळ टिकते हे पाहण्यासाठी थांबा थोडा थोडा वाढवत एकाच जागेची चित्रे घेतली आणि ज्या थांब्यापासून पुढे रेखीवपणा वाढेनासा झाला तो थांबा पक्का केला. मोटारीचा वेग एकदम न वाढवता चढत-उतरत ठेवल्याने हा थांबा बराच कमी करता आला.

खरे काम होते ते फोकसचे. या मायक्रोस्कोपच्या बारीक फोकसची गुंडी एक फेरा फिरली की स्टेज ०.२ मिलीमीटर सरकते. स्वस्त यंत्रांत सर्रास दिसणारी २८बीवायजे-४८ ही गिअरची मोटार एका फेऱ्यात साधारण २०४८ पावले टाकते, म्हणजे पाऊल ०.१ मायक्रॉनचे पडते. कागदावर हे उत्तम दिसते. पण तिच्या गिअरबॉक्समध्ये स्वतःचीच ढिलाई असते आणि दिशा बदलली की कित्येक पावले नुसती दात टेकण्यात वाया जातात. नेहमी खालूनच वर येत फोकस साधायचा ठरवला तर ती चालवून घेता येते. आम्ही मात्र इथे काटकसर केली नाही. नेमा १७ थेट कपलिंगने गुंडीला जोडली आणि मोटारीला प्रवाह पुरवणारा टीएमसी २२०९ हा ड्रायव्हर घेतला. २०० पावलांच्या या मोटारीचे पूर्ण पाऊल बरोबर एका मायक्रॉनचे पडते आणि त्याचे सोळा सूक्ष्म भाग करता येतात. सांगाड्याच्या दुसऱ्या बाजूची गुंडी मोकळीच राहिल्यामुळे यंत्र बंद असताना मायक्रोस्कोप पूर्वीसारखा हाताने वापरता येतो, हा फायदा तंत्रज्ञांना सर्वांत जास्त आवडला.

विजेचा प्रवाह तोडला की मोटारीचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, सूक्ष्म पावलावरून जवळच्या पूर्ण पावलावर उडी मारतो, त्यामुळे थांबलेल्या मोटारीतही थोडा प्रवाह ठेवावा लागतो आणि त्याने ती तापते. ही ऊब सांगाड्यात उतरते. अॅल्युमिनियमचा १०० मिलीमीटरचा तुकडा एका अंशाने तापला तर २.३ मायक्रॉन लांबतो आणि फोकसची खोलीच ३.४ मायक्रॉन असताना हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. मोटार आणि सांगाडा यांच्यामध्ये प्लास्टिकचे जाड कडे घातले, थांबलेल्या अवस्थेतला प्रवाह कमी केला आणि काही ओळी झाल्या की एकाच खुणेच्या जागी परत येऊन फोकस किती सरकला हे पाहण्याची सोय केली. हे कडे पेटजी प्लास्टिकचे छापले, कारण नेहमीचे पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते.

प्रत्येक चित्राला स्वतंत्र फोकस शोधणे हा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत संथ मार्ग असतो. आमच्या सवडीच्या यंत्रालाही तो परवडला नसता. पण फोकस एकदाच लावून सोडून देणेही शक्य नव्हते, कारण स्लाइड कधीच पुरती सपाट बसत नाही. ती अंशाच्या दहाव्या भागाने जरी कलली, तरी १५ मिलीमीटरच्या अंतरात २६ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणून आधी छेदावर विरळ अंतराने काही जागा निवडायच्या, प्रत्येक ठिकाणी वरखाली करत सर्वाधिक रेखीव पातळी शोधायची, त्या पातळ्यांमधून एक कललेला पृष्ठभाग बसवायचा आणि मग टिपताना त्या पृष्ठभागाच्या आसपास थोडीशीच दुरुस्ती करायची, अशी रीत बसली. रेखीवपणा मोजण्यासाठी लाप्लासियनचे विचरण, म्हणजे चित्रातल्या कडा किती ठळक आहेत याचे गणिती माप, वापरले. त्याचबरोबर ओपनफ्लेक्शरच्या मंडळींची एक युक्तीही उचलली. चित्र जितके रेखीव, तितकी त्याची जेपीईजी फाइल मोठी होते, त्यामुळे कॅमेऱ्याकडून येणाऱ्या फाइलचा नुसता आकार पाहूनही अंदाजे फोकस झटपट सापडतो.

यंत्राला रेखीव दिसणारी प्रत्येक गोष्ट ऊतक नसते, हे मात्र त्याला शिकवावे लागले. कव्हरस्लिप ०.१७ मिलीमीटर जाडीची असते. तिच्या वरच्या पृष्ठभागावरचा धुळीचा कण, बोटाचा ठसा, कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या डीपीएक्समध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा यांच्या कडा इतक्या ठसठशीत असतात की फिकट ऊतकापेक्षा यंत्र त्यांच्याकडेच धावते. एका स्लाइडवर मॅडमनी संशयित भागाभोवती निळ्या मार्करने ठिपके दिले होते आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या भागात यंत्र दर वेळी १७० मायक्रॉन वर जाऊन शाईचे सुंदर, रेखीव चित्र काढत होते. शाईच्या रंगाचे भाग फोकसच्या निवडीतून वगळणे आणि बसवलेल्या पृष्ठभागापासून फार दूर पडणारा बिंदू सरळ टाकून देणे, या दोन नियमांनी हा प्रकार आटोक्यात आला. टिपण्यापूर्वी स्लाइड पुसून घेण्याची आणि डीपीएक्स पुरते वाळले आहे की नाही हे पाहण्याची सूचना भिंतीवर लावली. ओले डीपीएक्स कडेने बाहेर येते आणि स्लाइड पकडणाऱ्या चिमट्याला चिकटते, मग सगळी आकडेमोड व्यर्थ जाते.

प्रकाशाच्या बाबतीत दोन अडचणी ठळक होत्या. एलईडी मंद करण्यासाठी तो वेगाने चालू-बंद करण्याची पद्धत स्वस्त ड्रायव्हरमध्ये असते आणि कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. या दोहोंच्या मिलाफातून चित्रावर आडवे पट्टे उमटत. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर बसवताच ते नाहीसे झाले. दुसरी अडचण रंगाची होती. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा एक उंच सुळका असतो आणि त्याच्यापुढे निळ्या-हिरव्या भागात खळगा पडतो, त्यामुळे ऊतक रंगवणाऱ्या इओसिनचा गुलाबी रंग मॅडमना विटकरीकडे झुकलेला वाटत होता. रंगनिर्देशांक अधिक असलेला, म्हणजे रंग अधिक खरे दाखवणारा, एलईडी आणि रंगदुरुस्तीची सारणी यांनी तो बराच निवळला. कॅमेऱ्याची स्वयंचलित उजेड-दुरुस्ती आणि पांढऱ्या रंगाचे स्वयंचलित संतुलन ही दोन्ही बंद करून, रिकाम्या काचेचे एक चित्र आधी घेऊन प्रत्येक चित्राला त्याने भागले, तेव्हा कुठे जोडलेली प्रतिमा ठिगळांच्या गोधडीसारखी दिसेनाशी झाली. स्लाइडवर प्रकाश एकवटणारे कंडेन्सर भिंग ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने लावणे मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने टळत नाही.

जुळणीचे काम त्या मानाने सोपे गेले. शेजारच्या चित्रांतले अंतर फेज कोरिलेशनने, म्हणजे दोन चित्रांतले सरकणे शोधणाऱ्या गणिताने, काढायचे, रिकाम्या काचेवर काही खूणच नसेल तिथे मोटारीच्या आकड्यांवर विसंबायचे आणि शेवटी सगळ्या अंतरांचा मेळ एकदमच घालायचा. पिक्सेल दोन बाय दोन असे एकत्र केल्यावर एक पिक्सेल ०.३१ मायक्रॉनचा होतो. १५ मिलीमीटरच्या चौरसाचे सुमारे २.३ अब्ज पिक्सेल भरतात आणि संकोचनाशिवाय ती प्रतिमा ७ गिगाबाइटची होते. एकाच प्रतिमेच्या लहानमोठ्या आवृत्त्या साठवणारी, पायऱ्यापायऱ्यांची टिफ फाइल केली की क्यूपाथसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती विनासायास उघडते.

मॅडमनी स्लाइड पडद्यावर वाचायला घेतल्या, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी विचारले ते चित्राच्या रेखीवपणाबद्दल नव्हे. "काचेवर आहे ते सगळं यात आलंय, हे मला कसं कळणार?" हा त्यांचा प्रश्न होता. यंत्र आधी कमी मोठेपणाच्या चित्रावरून ऊतक कुठे आहे ते ओळखते आणि तेवढाच भाग टिपते. चरबीचा जवळजवळ रंगहीन भाग किंवा मुख्य तुकड्यापासून दूर पडलेला कण या ओळखीतून निसटू शकतो. धूसर चित्र वाचणाऱ्याला निदान सावध तरी करते, न आलेला तुकडा मात्र काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत अख्ख्या काचेचे एक लहान चित्र आणि त्यावर टिपलेल्या भागाची चौकट दाखवणे आम्ही सक्तीचे केले. वाचणाऱ्याला चौकटीबाहेर काही दिसले तर तो भाग पुन्हा टिपायला सांगता येतो.

पडताळणीसाठी कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आराखडा समोर ठेवला. त्यात एका प्रकारच्या वापरासाठी किमान ६० प्रकरणे घ्यायला सांगितले आहे. काचेवरचे वाचन आणि पडद्यावरचे वाचन यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवायचे असते, जेणेकरून आधीचे निदान स्मरणातून पुसट व्हावे. या वाचनात ऊतकाची रचना, ग्रंथींची मांडणी, गाठीची कड अशा गोष्टींत अडचण जाणवली नाही. अडले ते केंद्रकाच्या बारकाव्यांपाशी. विभाजित होत असलेली पेशी आणि आक्रसून मरत असलेली पेशी यांतला फरक, किंवा जठराच्या बायोप्सीतले अर्ध्या-एक मायक्रॉन रुंदीचे हेलिकोबॅक्टर जिवाणू, या गोष्टी ०.४ अॅपर्चरच्या मर्यादेवरच येतात. मॅडम म्हणाल्या, "काच समोर असते तेव्हा माझी बोटं फाइन फोकसवर सतत हलत असतात. तुमच्या चित्रात ती बोटं ठेवायला जागाच नाही."

त्यावरून यंत्राला दुसरी फेरी दिली. वाचणाऱ्याने पडद्यावर लहानसा चौकोन आखला की स्टेज त्या जागी परत जाते आणि ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हने त्या भागाची एकाखाली एक अशा पातळ्यांवर चित्रे घेते. मग माउसचे चाक फिरवून त्या पातळ्यांतून वरखाली जाता येते. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर प्रतिमेचा मध्य थोडा सरकतो, तो फरक एकदा मोजून आज्ञावलीत घातला आहे. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हचे टोक काचेपासून मिलीमीटरपेक्षाही कमी अंतरावर असते, म्हणून उभ्या अक्षाला वरची हद्द आखून दिली आहे आणि ती ओलांडणारी आज्ञा फर्मवेअर स्वीकारतच नाही. ऑब्जेक्टिव्हची चकती फिरवायला मात्र मोटार लावलेली नाही. पडद्यावर सूचना येते, तंत्रज्ञ हाताने चकती फिरवतात, ती खटकन बसल्याची खात्री करतात आणि बटण दाबतात.